चौथा काउबॉय कुठे गेला?

काउबॉय म्हटलं की कोण आठवतं? रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल, घोडा, मागे लाल डोंगर, आणि चेहरा जॉन वेनचा, ग्रेगरी पेकचा किंवा क्लिंट ईस्टवुडचा. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने ‘मॅकेनाज गोल्ड’ (1969) थिएटरात जाऊन पाहिला आणि अमेरिकेचा पश्चिम भाग असाच असणार, हे मनात पक्कं करून टाकलं. तिथे नायक गोरा असतो, मेक्सिकन माणूस दरोडेखोर असतो आणि मूलनिवासी अमेरिकन कड्यावरून बाण रोखून बसलेला असतो.

आता हे चित्र इतिहासाशी ताडून पाहू. यादवी युद्धानंतरच्या काळात टेक्सासातून उत्तरेकडे गुरांचे प्रचंड कळप हाकत नेणाऱ्या काउबॉयांपैकी अंदाजे चारांतला एक कृष्णवर्णीय होता, असं अनेक इतिहासकार मानतात. शिवाय मेक्सिकन होते, मूलनिवासी होते. मग शेकडो चित्रपटांमधून तो चौथा काउबॉय गायब कसा झाला? आणि आज तो पडद्यावर परत येतो, तेव्हा नेमकं काय बदलतं? याचं उत्तर शोधायला 2021 सालचा ‘द हार्डर दे फॉल’ हा चित्रपट फार उपयोगी आहे. त्याने काय साधलं आणि त्याच्याकडून काय निसटलं, या दोन्हींतून पडद्यावरचं प्रतिनिधित्व कसं घडतं ते समजतं.

मुळात काउबॉय होते कोण?

टेक्सास 1836 पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. घोड्यावर बसून मोकाट गुरं सांभाळायची, दोराचा फास टाकून ती पकडायची, ही विद्या तिथल्या मेक्सिकन गुराख्यांची. त्यांना ‘वाकेरो’ म्हणत. पूर्वेकडून आलेल्या गोऱ्या जमीनदारांनी सोबत गुलाम आणले, आणि गुरं राखण्याचं काम या गुलामांच्या वाट्याला आलं. 1861 ते 1865 या यादवी युद्धात अनेक मालक सैन्यात गेले, तेव्हा तर कळपांची बरीचशी मदार या गुलामांवरच होती.

युद्ध संपलं, गुलामगिरी संपली. उत्तरेच्या शहरांत गोमांसाला मागणी होती आणि कॅन्ससपर्यंत रेल्वे पोचली होती. गुरं टेक्सासातून तिथवर चालवत न्यायची, म्हणजे महिनोन्‌महिने धूळ, पाऊस आणि नद्यांचे पूर. ज्यांना हे काम येत होतं, त्यांत नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. भेदभाव तिथेही होताच. कळपाच्या प्रमुखाची जागा त्यांना क्वचितच मिळे. तरी कळप बिथरला की घोड्यावरची मांड आणि हातातला दोर यांनाच महत्त्व असे.

रेल्वेची गोष्टही अशीच. 10 मे 1869 रोजी युटामधल्या प्रोमोंटरी समिट इथे अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. पश्चिमेकडचा, सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून काढलेला भाग प्रामुख्याने हजारो चिनी मजुरांच्या श्रमाने उभा राहिला होता. त्या दिवशी दोन इंजिनं समोरासमोर उभी करून काढलेलं छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात माणसांची दाटी आहे, पण चिनी मजूर जवळजवळ दिसतच नाहीत.

पुसलं जाणं कसं घडतं?

कुणी एका माणसाने बसून हा इतिहास खोडला नाही. तो थराथराने झाकला गेला.

पहिला थर तमाशाचा आणि स्वस्त कादंबऱ्यांचा. 1883 साली बफेलो बिल कोडी याने ‘वाइल्ड वेस्ट’ हा भव्य खेळ सुरू केला. त्यात मूलनिवासींनी वसाहतकऱ्यांवर हल्ला करायचा आणि गोऱ्या नायकाने येऊन वाचवायचं, असे प्रसंग असत. गावोगावच्या प्रेक्षकांनी पश्चिम भाग पहिल्यांदा पाहिला तो या रिंगणात. 1902 साली ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी आली आणि कष्टकरी गुराख्याचा रुबाबदार, गोरा, सभ्य वीर झाला.

दुसरा थर सिनेमाचा. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (1903) हा सुरुवातीचा गाजलेला वेस्टर्न पूर्वेकडच्या न्यू जर्सी परिसरात चित्रित झाला. पुढचे चित्रपट आधीच्या चित्रपटांवरून बेतले जाऊ लागले. दिग्दर्शकाला काउबॉय दाखवायचा असे तेव्हा तो जुन्या नोंदी चाळत नसे. गेल्या वर्षी चाललेला चित्रपट पाहत असे. नकलेची नक्कल होत गेली आणि प्रत्येक नकलेबरोबर मूळ माणूस आणखी पुसट झाला.

तिसरा थर नियमांचा आणि बाजाराचा. 1934 पासून हॉलिवूडमध्ये कडकपणे राबवल्या गेलेल्या आचारसंहितेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधले प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती. दक्षिणेकडच्या राज्यांत थिएटरंही वंशानुसार विभागलेली होती. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी वेगळे, कमी खर्चाचे चित्रपट निघत. हर्ब जेफ्रीज यांचे ‘हार्लेम ऑन द प्रेअरी’ (1937) आणि ‘द ब्राँझ बकरू’ (1939) हे त्यांतले वेस्टर्न. म्हणजे कृष्णवर्णीय काउबॉय पडद्यावर होता, पण तो पडदाच वेगळा होता.

मूलनिवासींच्या वाट्याला दुसराच प्रकार आला. त्यांच्या भूमिका होत्या, पण त्या करायला दुसरे. ‘अपाचे’ (1954) मध्ये निळ्या डोळ्यांचे बर्ट लँकेस्टर अपाचे योद्धा झाले. ‘द सर्चर्स’ (1956) मध्ये कोमांची टोळीचा प्रमुख जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडन यांनी रंगवला. आपल्या लाडक्या ‘मॅकेनाज गोल्ड’मधला मेक्सिकन दरोडेखोर कोलोरॅडो म्हणजे इजिप्तचे ओमर शरीफ, आणि अपाचे तरुणी हेशके म्हणजे ज्युली न्यूमार.

वेस्टर्नची उलटतपासणी

1960 च्या दशकात अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली, 1964 चा नागरी हक्क कायदा आला, व्हिएतनाम युद्धाने आपल्याच शौर्यकथांवरचा विश्वास डळमळला. त्याच काळात वेस्टर्नची एक नवी धारा जोमात आली. जुन्या वेस्टर्नने गृहीत धरलेल्या गोष्टींनाच ही धारा प्रश्न विचारते: जमीन मोकळी होती का? कायदा कुणाचा होता? रानटी कोण होतं? इंग्रजीत तिला ‘रिव्हिजनिस्ट वेस्टर्न’ म्हणतात. आपण तिला पुनर्विचारी वेस्टर्न म्हणू.

आर्थर पेन यांचा ‘लिटल बिग मॅन’ (1970) गोऱ्या सैन्याने केलेली कत्तल छावणीतल्या शायन लोकांच्या बाजूने दाखवतो. त्यातल्या वृद्ध प्रमुखाच्या भूमिकेसाठी चीफ डॅन जॉर्ज या मूलनिवासी अभिनेत्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. सिडनी पॉइटिए यांनी दिग्दर्शित केलेला ‘बक अँड द प्रीचर’ (1972) मुक्त झालेल्या गुलामांचे काफिले पश्चिमेकडे नेणाऱ्या वाटाड्याची कथा सांगतो. ‘डान्सेस विथ वूल्व्हज’ (1990) मध्ये लकोटा माणसं लकोटा भाषेत बोलतात. तरीही त्यातली सगळी घडामोड एका गोऱ्या सैनिकाच्या नजरेतून दिसते, हा आक्षेप त्याच्यावर आजवर घेतला जातो.

लकोटा लोक पडद्यावर आले, भूमिका मूलनिवासी कलावंतांनी केल्या, भाषाही त्यांचीच. मग तक्रार कशाची? इथे प्रतिनिधित्वाचे थर वेगवेगळे करून पाहावे लागतात.

चार प्रश्न

लग्नातला ग्रुप फोटो आठवा. मधल्या खुर्च्यांवर ठरावीक मंडळी बसतात. काही मागे उभे राहतात, त्यांचे निम्मेच चेहरे दिसतात. पहाटेपासून राबणारे आचारी आणि वाढपी फोटोत नसतातच. आणि कुणी कुठे बसायचं, कुणी सरकायचं, हे फोटोग्राफर आणि त्याला बोलावणारे यजमान ठरवतात. अशा फोटोतली डोकी मोजली, तर घर समजत नाही. त्यासाठी खुर्ची कुणाला मिळाली, आणि ती दिली कुणी, हे पाहावं लागतं.

चित्रपटाचंही तसंच. पहिला प्रश्न: चौकटीत कोण आहे? दुसरा: ती भूमिका कोण करतं आहे? तिसरा: खुर्ची कुणाला आहे, म्हणजे कुणाच्या इच्छेने, निर्णयांनी आणि चुकांनी गोष्ट पुढे सरकते? चौथा: कॅमेऱ्यामागे कोण आहे, कथा लिहिणारे आणि पैसा लावणारे कोण? ‘डान्सेस विथ वूल्व्हज’ पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण होतो आणि तिसऱ्याला अडतो.

‘द हार्डर दे फॉल’ काय करतो?

लंडनचे जेम्स सॅम्युअल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. निर्मात्यांमध्ये रॅप संगीतातले दिग्गज जे-झी आहेत. लहानग्या नॅट लव्हच्या डोळ्यांदेखत रूफस बक त्याच्या आईवडिलांना मारतो आणि त्याच्या कपाळावर क्रूस कोरतो. मोठा झालेला नॅट सूड घ्यायला निघतो. कथा वेस्टर्नमधली जुनीच. पण नायक, खलनायक, मार्शल, पिस्तूलबाज, सलूनची मालकीण, असे सगळे प्रमुख लोक कृष्णवर्णीय आहेत.

सुरुवातीलाच पडद्यावर सांगितलं जातं की घटना काल्पनिक आहेत, पण ही माणसं होऊन गेली. आणि ती खरोखरच होऊन गेली. नॅट लव्ह 1854 साली टेनेसीत गुलाम म्हणून जन्मला, काउबॉय झाला, पुढे रेल्वेत नोकरीला लागला आणि 1907 साली त्याने आत्मचरित्र छापलं. बास रीव्ह्ज गुलामगिरीत जन्मला आणि 1875 पासून तीसहून अधिक वर्षं सरकारी डेप्युटी मार्शल म्हणून गुन्हेगारांचा माग काढत राहिला. मेरी फील्ड्स साठी ओलांडल्यावर मोंटानातल्या कॅस्केड गावाच्या परिसरात टपाल पोचवण्याचं कंत्राट घेऊन घोडागाडी हाकत होती. पुरुषी वेशात वावरणारी कफी हे पात्र कॅथे विल्यम्सची आठवण करून देतं. पुरुषाचं नाव घेऊन 1866 साली सैन्यात भरती झालेली ही स्त्री सुमारे दोन वर्षं शिपाई म्हणून राहिली.

ही सगळी माणसं एका कथेत भेटणं शक्य नव्हतं. जिम बेकवर्थ हा डोंगरदऱ्यांतला वाटाड्या 1866 च्या सुमारास वारला. चेरोकी बिल जन्मला 1876 साली. चित्रपटात दोघे जवळपास एकाच वयाचे पिस्तूलबाज आहेत. सॅम्युअल यांनी विखुरलेली माणसं मुद्दाम एका चौकटीत आणली आहेत. वायट अर्प आणि बिली द किड यांच्याबाबत गोऱ्यांच्या वेस्टर्नने हेच केलं. तारखा बाजूला ठेवून त्यांच्या दंतकथा केल्या. दंतकथा होण्याचा तोच मान सॅम्युअल आपल्या माणसांसाठी मागतात, आणि मला ही मागणी रास्त वाटते.

एक दृश्य तर या विषयाचा धडाच आहे. बँक लुटण्यासाठी नॅट आणि कफी मेझव्हिल या गोऱ्यांच्या गावात शिरतात. तिथली घरं पांढरी, दुकानं पांढरी, पायाखालची जमीनही पांढरी. आतापर्यंत निळ्या, पिवळ्या, लाल रंगांच्या जगात सहज वावरणारी ही माणसं अचानक डोळ्यांत भरतात, प्रत्येक नजर त्यांच्यावर रोखली जाते. वंशभेदावर एकही भाषण न देता, परक्या ठरवणाऱ्या गावात पाऊल टाकणं कसं असतं, ते नेपथ्यच सांगतं.

चार प्रश्न लावले तर चौकट, कलावंत, खुर्ची आणि कॅमेरा या चारही ठिकाणी कृष्णवर्णीय माणसं आहेत. त्याचा फायदा असा की एकाही पात्रावर अख्ख्या समाजाचं ओझं पडत नाही. चित्रपटात एकच कृष्णवर्णीय असेल, तर तो भला असला तरी आदर्श नमुना ठरतो आणि वाईट असला तर समाजाची बदनामी होते. इथे कुणी क्रूर आहे, कुणी बढाईखोर, कुणी प्रेमात कच्चं, कुणी धूर्त. माणसांत असतं तेवढं वैविध्य त्यांच्यात आहे.

निसटलं काय?

एका बाजूला उजेड टाकला की दुसरी बाजू अंधारात राहू शकते, हेही याच चित्रपटात दिसतं.

मेरी फील्ड्सच्या उपलब्ध छायाचित्रांत एक धिप्पाड, सावळ्याहून गडद वर्णाची, वयस्कर स्त्री दिसते. चित्रपटात ती झाझी बीट्झ झाली आहे: तरुण, सडपातळ, उजळ वर्णाची. चित्रपट आल्यावर यावर कडक टीका झाली. समाज तोच असला तरी उजळ वर्णाला झुकतं माप देणं हाही भेदभावच आहे. गोऱ्या रंगाचं कौतुक आणि लग्नाच्या जाहिराती पाहत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चौकटीत मेरीचं नाव आलं, पण मेरीसारख्या दिसणाऱ्या स्त्रीला जागा मिळाली नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. खरा रूफस बक विशीच्या आतला पोरगा होता. वडील मस्कोगी, म्हणजे क्रीक मूलनिवासी, आई कृष्णवर्णीय. 1895 च्या उन्हाळ्यात त्याच्या टोळीने काही दिवस खून आणि बलात्कार यांचा कहर माजवला आणि 1 जुलै 1896 रोजी फोर्ट स्मिथ इथे टोळीला फाशी झाली. चेरोकी बिलही त्याच वर्षी तिथेच फासावर गेला. दोघेही इंडियन टेरिटरीतले, म्हणजे आजच्या ओक्लाहोमातले. 1830 च्या कायद्यानंतर आग्नेयेकडच्या मूलनिवासी राष्ट्रांना बळजबरीने याच प्रदेशात हाकललं गेलं. त्यांतल्या चेरोकी, चिकसॉ, चॉक्टॉ, क्रीक आणि सेमिनोल या राष्ट्रांमध्ये कृष्णवर्णीय गुलाम होते. 1866 च्या तहांनी गुलामगिरी संपवली, आणि मुक्त झालेल्यांच्या नागरिकत्वाचा वाद पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला.

हा सारा गुंता चित्रपटात नाही. रूफस बक मध्यमवयीन, करारी इद्रिस एल्बा होतो, रेडवुड नावाच्या गावाला कृष्णवर्णीयांचं आश्रयस्थान करायचं स्वप्न पाहतो, आणि त्याच्यातला मस्कोगी भाग नाहीसा होतो. ही जमीन मुळात कुणाची होती, हा पुनर्विचारी वेस्टर्नचा सर्वांत जुना प्रश्न इथे विचारलाच जात नाही. पूर्वी कृष्णवर्णीयांना चौकटीबाहेर ठेवलं गेलं होतं. इथे मूलनिवासी बाहेर राहिले.

नुसती बेरीज पुरत नाही

मग प्रत्येक समाजाचा एकेक माणूस घेतला तर? अँटवान फुक्वा यांनी ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’च्या 2016 च्या आवृत्तीत हेच केलं. कुरोसावांचा ‘सेव्हन समुराय’ (1954), त्यावरून 1960 चा अमेरिकन ‘मॅग्निफिसंट सेव्हन’, आणि या दोघांच्या प्रभावातून आपला ‘शोले’ (1975), असं हे घराणं आहे. 1960 च्या चित्रपटात मेक्सिकन दरोडेखोर एलाय वॉलॅक या न्यूयॉर्कच्या ज्यू अभिनेत्याने आणि तरुण मेक्सिकन चिको होर्स्ट बुकहोल्त्स या जर्मन अभिनेत्याने केला होता. 2016 च्या सातांत कृष्णवर्णीय डेन्झेल वॉशिंग्टन, कोरियाचे ली ब्युंग-हुन, मेक्सिकोचे मॅन्युएल गार्सिया-रुल्फो आणि अलास्काच्या मूलनिवासी समाजातले मार्टिन सेन्समायर आहेत.

दुसऱ्या प्रश्नावर ही मोठी झेप आहे. कथेची मधली खुर्चीही वॉशिंग्टन यांना मिळाली आहे. पण कोरियन, मेक्सिकन आणि कोमांची पात्रं कौशल्यापुरती ओळखली जातात: एकाची सुरी, एकाचं पिस्तूल, एकाचा बाण. कथा 1879 सालातली. त्या काळात हे लोक एकत्र आले असते तर आपसांत काय बोलले असते, कशाला भ्याले असते, यात चित्रपट फारसा शिरत नाही. ती पात्रं फोटोत आली आणि मागच्या रांगेत उभी राहिली.

थोडक्यात

• चौकटीत कोण आहे? इतिहासात जे होते, ते पडद्यावर दिसतात का?
• भूमिका कोण करतं? त्या समाजातल्या कलावंतांना संधी मिळाली का, आणि त्यातही फक्त उजळ, तरुण चेहरेच निवडले का?
• गोष्ट कुणाची? निर्णय, इच्छा आणि चुका कुणाच्या वाट्याला आल्या?
• कॅमेऱ्यामागे कोण? लेखन, दिग्दर्शन आणि पैसा कुणाच्या हातात?
• आणि पाचवा, सहज विसरला जाणारा प्रश्न: एकाला आत घेताना कोण बाहेर राहिलं?

हे एवढं महत्त्वाचं का?

चित्रपट म्हणजे करमणूक, त्यात इतका हिशेब कशाला, असं कुणी म्हणेल. पण वेस्टर्न ही अमेरिकेने स्वतःबद्दल सांगितलेली राष्ट्रकथा आहे. देश कुणी उभारला, जमिनीवर कुणाचा हक्क, शूर कोण आणि उपरा कोण, याची उत्तरं तिथल्या पिढ्यांनी पाठ्यपुस्तकाइतकीच या चित्रपटांतून घेतली. जो राष्ट्रकथेत नसतो, त्याला वर्तमानातही ‘तू इथला कसा?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. म्हणून चौथा काउबॉय पडद्यावर परतणं ही नातवंडांच्या नागरिकत्वाशी जोडलेली गोष्ट आहे.

आणि हे काम एका चित्रपटात पुरं होत नाही. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ (2023) मध्ये ओक्लाहोमातल्या ओसेज लोकांच्या खुनांची कथा आहे. ओसेज समाजातले अनेक जण त्यात काम करताना दिसतात, आणि लिली ग्लॅडस्टोन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्या विभागात अमेरिकेच्या मूलनिवासी स्त्रीला मिळालेलं ते पहिलं नामांकन. तरी चित्रपटाला भाषा सल्लागार म्हणून लाभलेले क्रिस्टोफर कोटे यांनी प्रीमियरच्या वेळी स्पष्ट सांगितलं की ही कथा मॉलीच्या, म्हणजे ग्लॅडस्टोन यांनी साकारलेल्या ओसेज स्त्रीच्या नजरेतून यायला हवी होती, आणि ते करायला ओसेज माणूसच लागेल. स्कॉर्सेसींच्या कामाचा आदर राखूनच ते हे म्हणत होते. त्यांचा रोख तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर होता.

‘द हार्डर दे फॉल’कडेही असंच पाहायला हवं. त्याने शंभर वर्षांची एक मोठी चूक दुरुस्त केली आणि पुढची दुरुस्ती कुठे करायची तेही दाखवून दिलं. मस्कोगी बाप आणि कृष्णवर्णीय आई यांच्या पोटी इंडियन टेरिटरीत जन्मलेल्या पोराची खरी गोष्ट अजून या भव्यतेने पडद्यावर यायची आहे. ती मेझव्हिलच्या पांढऱ्या रस्त्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे, आणि ती सांगण्याचा पहिला हक्क त्या पोराच्या वारसांचा आहे.